पाच मुद्द्यांचा कागद

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. भडगाव.
दुकानाचे शटर अर्धे वर करून प्रिंटरमध्ये शाई भरत होतो, तेव्हा रुपचंद नानांचा फोन आला. डावा हात काळा होता म्हणून उजव्याने उचलला. मग उजवाही काळा झाला.

नाना आमचे मध्यस्थ. काल त्यांच्यासोबत बाबा आणि मी धुळ्याला, देवपुरात, मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचे नाव दीपमाला. खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिने मला एकच प्रश्न विचारला, "दुकानात दिवसभर उभं राहावं लागतं का?" मी म्हणालो, "नाही, स्टूल आहे." पारोळ्यापर्यंत बसमध्ये मी हे उत्तर मनात दुरुस्त करत होतो.

नाना म्हणाले, "प्रशील, पोरगी हो म्हणते. पण तिचे राजदीप मामा काल ड्यूटीवर होते, चाळीसगावला रेल्वेत आहेत. त्या घरात त्यांचा शब्द चालतो. ते तुमच्या गावात येऊन चौकशी करतील, मग कळवतील."
"कधी येतील?"
"सांगून करतात का रे चौकशी?"

चौकशीत मी टिकत नाही. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. बारावी सायन्सचे दोन विषय राहिले ते राहिलेच. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे, तहसील कचेरीसमोर. नोकरी नाही. दोन स्थळे चौकशीतच गेली. वरणगावचे स्थळ तर नक्की होत आले होते. मुलीचे वडील येऊन समोरच्या योगराजच्या टपरीवर चहा प्यायले आणि त्यांनी माझे नाव विचारले. योगराज म्हणाला, "झेरॉक्सवाला का? आहे बापडा."

त्या एका शब्दावर स्थळ गेले. मुलगा वाईट आहे असे तो म्हणाला असता तर निदान भांडता आले असते.

बुधवार, ८ जानेवारी
दुपारी कलाबाई म्हणून एक म्हातारी आली. शहात्तर वर्षांची, एकटी राहते, मुलगा सुरतला. तिची निराधारांची पेन्शन तीन महिन्यांपासून आली नाही. हयात असल्याचा दाखला द्यायचा तर मशीनवर अंगठा लागतो आणि तिचा अंगठा उठत नाही. मी पाहिला. चाळीस वर्षे कापूस वेचून बोटे गुळगुळीत झाली आहेत, रेषाच नाहीत. अकरा वेळा प्रयत्न केला. ओल्या फडक्याने पुसले, कोरड्याने पुसले.
"भाऊ, मी जित्ती शे ना," ती म्हणाली. "मशीनले काय समजस?"
मी म्हणालो, "अक्का, मशीनला समजेपर्यंत मी काही करू शकत नाही. पासबुक आणा, आधार आणा, मग बघू." पाऊण तास गेला. पैसे काय घेणार? दुसरी तीन गिऱ्हाइके परत गेली.
चौकशीवर काही उपाय सुचला नाही.

शनिवार, ११ जानेवारी
मार्ग सापडला असे वाटते. जळगावच्या एका संस्थेचा फोन आला. 'गिरणा युवारत्न' या पुरस्कारासाठी माझी निवड झाली आहे. मी विचारले, माझे नाव कोणी सुचवले? बाई म्हणाल्या, "आमची समिती गुप्तपणे काम करते, सर." मला सर म्हणाल्या. सहयोग निधी ५,१०० रुपये. फॉर्म आला, त्यात कार्यक्षेत्र निवडायचे होते : शिक्षण, कृषी, कला, सामाजिक कार्य, इतर. मी 'इतर'वर पाच मिनिटे थांबलो. मग 'सामाजिक कार्य' निवडले.

माझ्याकडे २,१०० होते. ३,००० बाबांकडून घेतले. कशाला हवेत ते सांगितले. त्यांनी डब्यातून काढून दिले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काम केलेला माणूस, नोटा अजून बोटे पुसून मोजतो.

मंगळवार, १४ जानेवारी
योगराजला तिळगूळ द्यायला गेलो. गोड गोड बोला म्हणून विषय काढला. "योगराज भाऊ, वरणगावच्या माणसाला तुम्ही मला बापडा म्हणालात."
"मग काय वाईट म्हणालो?" तो खरोखर आश्चर्याने म्हणाला. "तू कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."
मी त्याच्याकडे खाते उघडले. माझ्या दुकानात येणाऱ्याला आणि माझ्याबद्दल चांगले बोलणाऱ्या कोणालाही माझ्या नावावर चहा. योगराज म्हणाला, "चांगलं बोलला हे मी कसं ठरवू?" मी म्हणालो, अंदाजाने ठरवा. आल्यावर पाहिले तर टपरीवर सहा जण उभे होते आणि सगळे माझ्याकडे बघून हात वर करत होते. बरे वाटले. नंतर तितके बरे वाटले नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
कलाबाई परवा आली होती, आज पुन्हा आली. परवा पासबुक विसरली, आज फोटो आणला तो दहा वर्षांपूर्वीचा. मी परत पाठवले. अर्धवट अर्ज मी पुढे पाठवत नाही. तो परत येतो आणि मग माणसाला दुप्पट हेलपाटे पडतात. ती जाताना काहीतरी पुटपुटली. 'खडूस' एवढे ऐकू आले. ठीक आहे.
पण राजदीप मामा नेमके तेव्हा आले असते तर?

रविवार, १९ जानेवारी
जळगाव. सभागृहात १०.३० ला पोचलो. कार्यक्रम १.१५ ला सुरू झाला. एकूण ११२ पुरस्कारार्थी, माझा क्रमांक ८७. शेजारी पाचोऱ्याकडचे एक रोपवाटिकावाले बसले होते. त्यांनी विचारले, "तुम्हाला कशाबद्दल?"
"सामाजिक कार्य."
"कोणतं?"
मी म्हणालो, "फॉर्ममध्ये तेवढंच विचारलं होतं."
ते म्हणाले, "मला कला मिळालंय. चुकून दाबलं गेलं."

फेटे तयार शिवलेले होते. स्टेजच्या डाव्या पायरीवर घालायचे, उजव्या पायरीवर काढून घ्यायचे. माझ्या डोक्यावर जो आला तो आतून ओला होता. शाल, नारळ आणि काचेचे सन्मानचिन्ह मात्र आपले. माझे नाव पुकारले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत असे नाही. रोपवाटिकावाल्यांनी वाजवल्या. त्यांच्या वेळी मी वाजवल्या. फोटोचे ३०० वेगळे घेतले. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

परतीच्या बसमध्ये सन्मानचिन्ह मांडीवर ठेवून बसलो होतो. कंडक्टरने विचारले, "काय जिंकलं?" मी नारळ दाखवला.

सोमवार, २० जानेवारी
फ्लेक्स लावला. आठ बाय सहा, दुकानासमोरच्या खांबांना. मजकूर मीच तयार केला आणि चार वेळा तपासला. फोटोत डोळे फ्लेक्सवाल्याने दुसऱ्या फोटोवरून उघडून दिले. खाली 'शुभेच्छुक : मित्रपरिवार' लिहिले. फ्लेक्सवाला म्हणाला, मित्रांचे फोटो द्या, गोल चौकटीत टाकतो. मी म्हणालो, जागा कमी पडेल.

संध्याकाळी बाबा भाजी घेऊन येताना फ्लेक्सखाली उभे राहिले.
"हाऊ कोन शे रे?"
"मीच आहे, बाबा."
त्यांनी बराच वेळ पाहिले. "तोंड तुनंच शे. पन हाऊ मानूस माले वळखस नही."
आणि पिशवी घेऊन घरी गेले.

मंगळवार, २१ जानेवारी
परिणाम दिसू लागला आहे. लोक मला 'रत्न' म्हणतात. "ओ रत्न, आधारच्या दोन प्रती." "रत्न, शाई फिकट येतेय." आज पाच जणांनी म्हटले. म्हणताना सगळेच हसतात, ते का, हे नीट कळत नाही. पुरस्काराआधी कोणी हसत नव्हते.

मुख्य काम केले. चौकशी करणारा प्रथम टपरीवर आणि नंतर झिपरूच्या सलूनमध्ये जातो, असा अनुभव आहे. दोघांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या तर संशय येतो. म्हणून मुद्दे लिहून काढले.

१. मुलगा निर्व्यसनी असून दुकान वेळेवर उघडतो.
२. उसनवारी नाही (वडील सोडून).
३. समाजात मान आहे.
४. 'गिरणा युवारत्न' पुरस्काराने सन्मानित.
५. रागीट नाही. विचारल्यास सांगावे, न विचारल्यास सांगू नये.

तीन प्रती काढल्या. एक योगराजला, एक झिपरूला. झिपरूने कात्री थांबवून सगळा कागद वाचला आणि म्हणाला, "हे पाठ करायचं का रे?" मी म्हणालो, पाठ झाले तर उत्तमच, एक शब्दही चुकायला नको. उपकार नकोत म्हणून दाढी करून घेतली. कालच केली होती.
तिसरी प्रत बाबांना दिली. "माले बी?" ते म्हणाले. रात्री पाहिले तर कागदाची घडी खाटेच्या आखूड पायाखाली होती. खाट आता हलत नाही.

बुधवार, २२ जानेवारी
दिवस वाया गेला. कलाबाईचे डोळे मशीनवर घेऊन आधार ताजे करायचे होते, ते जळगावच्या केंद्रात होते. तिला एकटीला पाठवले तर कोणत्या खिडकीला काय सांगेल याचा नेम नाही, आणि अर्ज माझ्या हातचा. तो परत आला तर चूक माझी दिसणार. म्हणून दुकान बंद ठेवून गेलो. शटरवर कागद लावला : 'कलाबाईंसोबत जळगावला गेलो आहे. उद्या ९.३० ला दुकान उघडेल.'

तिला एस.टी. फुकट, माझे दोन्ही वेळचे १९० रुपये. केंद्रात पाच तास रांग. बाकडी भरलेली होती, एक जागा मिळाली त्यावर तिला बसवले. तिने दोन वेळा डोळे मिचकावले म्हणून दोन वेळा परत करावे लागले. तिसऱ्यांदा झाले. बाहेर आल्यावर तिने लुगड्याच्या गाठीतून वीस रुपये काढून दोन चहा सांगितले. मी देतो म्हणालो तर हात झटकला. हे वीस तिला परत द्यायचे आहेत. लिहून ठेवतो.

बसमध्ये सारखे वाटत होते, मामा आजच आले असणार आणि त्यांनी बंद शटर पाहिले असणार. पहिला मुद्दाच खोटा ठरला.

शुक्रवार, २४ जानेवारी. रात्री ८.१०. जेवलो नाही.
सगळे संपले. क्रमाने लिहितो.

दुपारी सव्वातीनला कलाबाई दाखल्याचा अर्ज भरायला आली. मी टाइप करत होतो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, राखाडी स्वेटर, हातात छत्रीची पिशवी, पण छत्री नाही. म्हणाले, "आजींचं होऊ द्या आधी," आणि तिच्याशेजारी बाकावर बसले.
मग सहज विचारल्यासारखे तिला म्हणाले, "कसं आहे हे दुकान?"
मी मान वर केली नाही. पण तिचा आवाज लहान नाही.
"हाऊ पोऱ्या? भलता खडूस शे. तीन येळा माले वापस धाडी दिधं. हाऊ कागद चालस नही, तो फोटो चालस नही. काहीच चालस नही त्याले."
"मग दुसरीकडे जायचं ना."
"दुसरा कोनी करस नही. हाऊ दुकान बंद करीसन माले जयगावले लई गया. दिवसभर उभाच व्हता, टेकना बी नही. चहा बी मीच पाजा. भलता खडूस."
"पैसे किती घेतले?"
"फारमना वीस रुप्या. पावती बी दिधी, माले वाचता येस नही तरी."

माझे कान तापले. दुकानात अनोळखी गिऱ्हाईक आणि ही बाई मला खडूस खडूस म्हणते. प्रिंट काढली, तिचा अंगठा घेतला, खाली साक्षीदार म्हणून माझी सही केली. तारीख घातली. ती ताडकन उठून गेली.

मग त्या गृहस्थांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "याची एक प्रत."
लोकांचे कागद मी वाचत नाही, फक्त कडा सरळ आहेत का ते बघतो. काचेवर ठेवताना पाचवा मुद्दा दिसला. अक्षर माझे होते.

मशीनचा उजेड डावीकडून उजवीकडे गेला. मी प्रत दिली.
"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "कोणाचं?"
"माझं."
"किती झाले?"
मी म्हणालो, "दोन रुपये."
त्यांनी दोन रुपयांचे नाणे काउंटरवर ठेवले, फ्लेक्सकडे एकदा पाहिले, आणि स्टँडकडे निघून गेले. नाव सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

दोन रुपये का मागितले मी?

शनिवार, २५ जानेवारी
योगराजला विचारले. तो म्हणाला, "माझं काय चुकलं? ते म्हणाले मुलगा कसा आहे. मी कागद काढून वाचून दाखवला. तूच म्हणालास एक शब्द चुकायला नको. त्यांनी मागितला, मी दिला."
"पाचवा मुद्दा?"
"तोपण वाचला. 'न विचारल्यास सांगू नये' इथपर्यंत."
झिपरूकडे मामा आधी गेले होते. त्याने पाठ केले होते. तिथे आणि टपरीवर तेच पाच मुद्दे, त्याच क्रमाने.

टपरीवर माझ्या नावावर बारा दिवसांत एकशे त्रेचाळीस चहा झाले आहेत. योगराज म्हणतो, चांगले बोलणारे फार होते. मग त्यातला एकही माणूस काल मामांना का भेटला नाही? भेटली ती जिला मी तीनदा परत पाठवले ती. तिला तर मी एक चहासुद्धा पाजला नव्हता.

खाते बंद केले. दुपारी कोणी रत्न म्हणाले नाही.

बुधवार, २९ जानेवारी
फ्लेक्स उतरवला. बाबांनी शिडी धरली. फ्लेक्स मागच्या छपरावर टाकला, पालथा, म्हणजे छापील बाजू खाली. गळते तिथेच बरोबर बसला.
नानांचा फोन नाही.

रविवार, २ फेब्रुवारी
सकाळी ११.०५ ला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी म्हणालो, "झेरॉक्स आज बंद आहे."
"मी दीपमाला बोलतेय."
मी उभा राहिलो. आधीच उभा होतो, पण नीट उभा राहिलो.
ती म्हणाली, "मामांनी तुमचा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. पाचव्या मुद्द्याला आमची आई पाणी पिता पिता ठसकली."
मी माफी मागितली. म्हणालो, हा कागद मी लिहायला नको होता, पुरस्कार विकत घेतलेला आहे, उसनवारी तीन हजारांची आहे आणि राग मला येतो.
तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा म्हणाले, कागदातलं एकही वाक्य धरायचं नाही."
"बरोबर आहे."
"मग म्हणाले, त्या आजींनी शिव्या दिल्या तेवढ्या पुरेत. नऊ तारखेला येतोय आम्ही. नाना फोन करतीलच. मीच आधी केला."

मला कळेना. मी विचारले, "पण त्या तर मला खडूस म्हणाल्या."
"हो ना," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात एक सिस्टर आहेत, त्यांनाही सगळे पेशंट खडूस म्हणतात. आणि सलाईन लावायला त्याच हव्या असतात." मग म्हणाली, "एक विचारू? खरंच पाच तास उभे होतात? मला तर स्टूल आहे म्हणाला होतात."
मी म्हणालो, "स्टूल दुकानात आहे."
ती हसली. पण हे हसणे 'रत्न' म्हणणाऱ्यांसारखे नव्हते. फरक लिहिता येत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
कलाबाईची पेन्शन जमा झाली, थकलेली सगळी एकदम. ती आज चौघी बायकांना घेऊन आली. चौघींचे अंगठे उठत नाहीत. दारातच तिने त्यांना सांगितले, "बोलनं खाशात, पन काम व्हई जाई." मी टपरीवरून येत होतो, ते ऐकले. मी आत आलो तर चौघी बाकावरून उठून उभ्या राहिल्या. जागा फारच अपुरी आहे. दुसरा बाक घ्यावा लागेल. दोघींना परत पाठवले, कागद कमी होते.

रविवार, ९ फेब्रुवारी. रात्री ९.३०.
धुळ्याहून सहा जण आले. बोलणी पक्की झाली. लग्न मे महिन्यात, इथल्याच विहारात. काचेचे सन्मानचिन्ह मी आधीच कपाटात उलटे ठेवले होते. राजदीप मामा खाटेवर बसले, वाकून खाटेच्या पायाखालचा कागद पाहिला आणि बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "हालत व्हती खाट." दोघे इतके हसले की आतून दीपमाला बघायला आली. मी बाजूला उभा होतो. त्यात एवढे काय होते हे मला नीट समजले नाही.

निघताना मामांना दोन रुपये परत देऊ लागलो. ते म्हणाले, "झेरॉक्स काढलीस ना? मग ठेव."

हिशेब बंद करतो.

पुरस्कार, सहयोग निधी : ५,१००
त्या दिवशीचे जळगाव जाणे-येणे : १९०
फोटो : ३००
फ्लेक्स, बांधणीसह : १,१६०
योगराजकडे चहा, १४३ कप : १,४३०
झिपरूकडे दाढी व केस, गरज नसताना : ४००
मुद्द्यांच्या तीन प्रती : ६
एकूण, मान या सदराखाली : ८,५८६

कलाबाईंसोबत जळगाव : १९०. हे कोणत्या सदरात लिहावे ते ठरत नाही. वेगळे ठेवले आहे.

जमा : राजदीप मामा, एक प्रत, २.

देणे : बाबा, ३,०००. योगराज, बाकी ४३०.
कलाबाई, दोन चहा, २०. आज संध्याकाळी द्यायला तिच्या घरी गेलो. तिने घेतले नाहीत, दार लावून घेतले. म्हणून अजून देणे आहे.